झाकण मिटलं तरी लॅपटॉप जागाच: बॅगेत तापणाऱ्या, बॅटरी पिणाऱ्या ऑफिस लॅपटॉपचा बंदोबस्त

"दादा, पाठ भाजतीया नुसती."

सांगलीतल्या एका ऑडिटरच्या ऑफिसात आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करणाऱ्या पोराचा फोन होता. गाडीवरून कोल्हापूरला क्लायंटकडे गेला होता, लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये. निघताना बॅटरी ९४ टक्के. दीड तासाने झाकण उघडलं तर पडदा काळा. बटण दाबलं, एक लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि खेळ खल्लास. तारीख १९, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख. क्लायंटच्या ऑफिसात तेव्हाच लाइट गेलेली.

त्या ऑफिसातले लॅपटॉप मी सांभाळतो. हीच तक्रार तिथून वर्षात चौथ्यांदा आली होती, दर वेळी वेगळ्या मशीनची. पहिल्या दोन वेळा मी काय केलं ते आधी सांगून टाकतो: बॅटरी बदलली. दोन्ही वेळा पैसे ऑडिटर मॅडमचे गेले आणि चूक माझी होती. नवी बॅटरी घातल्यावर महिनाभर बरं वाटतं, कारण नवी असते, जास्त पुरते. मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी शहाणा झालो आणि आधी बॅटरीचा रिपोर्ट काढला. बॅटरी ठणठणीत होती. लॅपटॉप मात्र झोपतच नव्हता.

तुमच्या लॅपटॉपचं दुखणं हेच आहे का, ते ओळखायच्या खुणा: रात्री ८० टक्क्यांवर झाकण मिटलं आणि सकाळी ४५ टक्के, बॅगेतून काढताना खालची बाजू गरम, झाकण मिटलेलं असताना मधेच पंख्याचा आवाज, आणि हे रोज नाही, आठवड्यातून एखाद-दोनदा. शेवटची खूण महत्त्वाची. बॅटरी खरोखर मेली असेल तर ती रोज रडते. कधी रडते, कधी हसते, म्हणजे रोग दुसरीकडे.

गाढ झोप आणि श्वाननिद्रा

जुन्या लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे एस-थ्री. प्रोसेसर बंद, पंखा बंद, वायफाय बंद, फक्त रॅमला जेमतेम वीज, म्हणजे उघडलेल्या फायली जागच्या जागी राहतात. गाढ झोप. रात्रभरात चार-पाच टक्के बॅटरी जायची, कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

मोबाइल फोन आला आणि कंपन्यांना वाटलं, लॅपटॉपही तसाच हवा: झाकण उघडलं की क्षणात जागा, मिटलेलं असतानाही मेल येत राहावा. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत याचा पहिला अवतार आला, २०१५ मध्ये विंडोज १० सोबत त्याचं नाव मॉडर्न स्टँडबाय झालं. यात मशीन बंद होतच नाही. पडदा मालवतो, प्रोसेसर अगदी कमी विजेवर जातो, पण चालू असतो, आणि मधूनमधून उठून कामं करतो. श्वाननिद्राच ती. सगळे ड्रायव्हर (साउंड, वायफाय असे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) शहाण्यासारखे वागले तर हा प्रकार छान चालतो. एखादा ड्रायव्हर अडून बसला, की मशीन रात्रभर डोळे मिटून जागं राहतं. बॅगेत हवा खेळत नाही, मग तापतं, तापलं की पंखा, पंख्याला वीज. पाठ भाजते ती अशी.

पूर्वी दोन्ही झोपा उपलब्ध असायच्या. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० च्या शेवटापासून, बहुतेक नव्या लॅपटॉपच्या बायोसमधून (विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) एस-थ्री गायबच झाली. म्हणून "माझा जुना लॅपटॉप कधी असं करत नव्हता" असं म्हणणारे खरंच बोलत असतात.

आधी तपासा, मग पैसे काढा

फोनवर ऑफिसच्या पोरांना सांगतो तसंच सांगतो. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल अ‍ॅडमिन उघडा. इंग्रजीत पॉवर लिहा, त्याला चिकटवून सी, एफ, जी ही तीन अक्षरं. मग एक स्पेस, तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, दुसरी नव्हे) आणि ए. एंटर.

दोन याद्या येतात. वरची: या मशीनवर उपलब्ध असलेल्या झोपा. खालची: उपलब्ध नसलेल्या, आणि का नाहीत त्याचं कारण. इथे दहातले सहा जण फसतात, कारण एस-थ्री हा शब्द दोन्हीकडे येऊ शकतो. "आहे की दादा एस-थ्री" असं सांगतात आणि ती असते खालच्या यादीत. वरच्या यादीत स्टँडबाय एस-झिरो लो पॉवर आयडल लिहिलेलं असेल तर तुमचा लॅपटॉप श्वाननिद्रेवाला. हायबरनेट वरच्या यादीत आहे का तेही तिथेच बघून घ्या, पुढे लागणार आहे.

आता त्याच आज्ञेत ए च्या जागी स्लीपस्टडी हे दोन इंग्रजी शब्द जोडून लिहा. एक रिपोर्ट तयार होतो आणि कुठल्या फोल्डरमध्ये ठेवला ते टर्मिनल सांगतं. ब्राउझरमध्ये उघडा. गेल्या तीन दिवसांत मशीन किती वेळा झोपलं, किती वेळ, आणि तेवढ्यात किती बॅटरी गेली, सगळं ओळीने असतं. हिरव्या ओळी सोडून द्या. लाल ओळीवर क्लिक केलं की खाली टॉप ऑफेंडर्स म्हणून यादी येते, म्हणजे झोपमोड करणारे कोण, त्यांची नावं.

त्या कोल्हापूरवाल्या पोराच्या मशीनवर सलग तीन लाल ओळी होत्या. पहिल्या नावावर साउंडचा ड्रायव्हर. ऑनलाइन मीटिंग संपवून त्याने थेट झाकण मिटलं होतं, ब्राउझरचा टॅब तसाच. दुसऱ्या मशीनवर वायफायचा ड्रायव्हर होता. तिसऱ्यावर कुठलाच ड्रायव्हर नव्हता, नुसतं विंडोज अपडेट. हे सांगायचं कारण, "अमुक एक सेटिंग बदला, सगळ्यांचं बरं होईल" असं औषध या रोगाला नाही. नाव वाचायचं, मग त्याचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, आपल्या सिरियल नंबरने शोधून घ्यायचा. कुठल्यातरी "ड्रायव्हर अपडेटर" नावाच्या फुकट प्रोग्रामकडून घेऊ नका. तो प्रोग्राम काढायचे मी वेगळे पैसे घेईन.

बॅटरीची शंका उरलीच असेल तर त्याच पद्धतीने बॅटरीरिपोर्ट लिहून पाहा. त्यात दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. कारखान्यातून ५७,००० निघाली आणि आज ५०,००० भरते, म्हणजे जवळपास ८८ टक्के शिल्लक. दीड-दोन वर्षांच्या मशीनला हे वावगं नाही. निम्म्यावर आली असेल तर मात्र बदला. आणि टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाही, असं दिसलं तर रिपोर्टबिपोर्ट काही काढू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, थेट सर्व्हिस सेंटर.

मी आता करतो ते

ऑफेंडर शोधणं हे योग्य उत्तर आहे, पण ते ड्रायव्हरच्या पुढच्या अपडेटपर्यंतच टिकतं. अठरा मशीनं सांभाळताना मला त्याचा कंटाळा आला. म्हणून आता बॅटरीवर असताना झाकण मिटलं की सरळ हायबरनेट. त्यात रॅममधलं सगळं एसएसडीवर (फायली कायमच्या साठवणाऱ्या डिस्कवर) लिहून मशीन पूर्ण बंद होतं. कुंभकर्ण. वीज जवळजवळ शून्य, आणि उघडल्यावर फायली जिथल्या तिथे. फक्त जागं व्हायला एका सेकंदाऐवजी १५–२० सेकंद.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डाव्या बाजूला चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ. तिथे दोन रकाने आहेत, ऑन बॅटरी आणि प्लग्ड इन. ऑन बॅटरीखाली हायबरनेट करा. प्लग्ड इनखाली टेबलावर मॉनिटर लावून काम करणाऱ्यांनी डू नथिंग ठेवावं, बाकीच्यांनी तिथेही हायबरनेट. यादीत हायबरनेट दिसतच नसेल तर पुन्हा टर्मिनल अ‍ॅडमिन: पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ आणि एच, स्पेस, ऑन. मग दिसेल.

मॅडमनी विचारलं, रोज एवढं लिहून एसएसडी झिजणार नाही का? रास्त प्रश्न. १६ जीबी रॅमच्या मशीनवर हायबरनेटची फाइल साधारण साडेसहा जीबीची बनते, रॅमच्या ४० टक्के. दिवसातून चार वेळा झाकण मिटलं तर २६ जीबी, वर्षाला तीनशे दिवस धरून आठ टीबीच्या आत. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपनी १५० टीबीची हमी देते. तोवर लॅपटॉप भंगारात गेलेला असेल. अडचण झाली तर जागेची होते: एसएसडी काठोकाठ भरलेली असेल तर हायबरनेट चालू होत नाही. डाउनलोड्समधले दोन वर्षांचे बँक स्टेटमेंट साफ करा.

हायबरनेटच्या दोन खोड्या मात्र सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मला फोन कराल. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रामचा, डेटा ऑफिसच्या सर्व्हरवर असेल तर झाकण मिटण्यापूर्वी टॅलीत उघडलेली कंपनी बंद करा. जागं झाल्यावर नेटवर्क ड्राइव्ह लगेच परत जुळत नाही, आणि उघड्या कंपनीखालून डेटा निसटणं कुणालाच मानवत नाही. दुसरं, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन कधीकधी ओळखलं जात नाही. काढून पुन्हा लावा, बास. पासवर्ड चुकला समजून दहा वेळा टाकू नका, टोकन लॉक होईल आणि मग खरोखर रडायची पाळी येईल.

आणखी एक सवय, फुकटातली. आपण सगळे आधी झाकण मिटतो, मग चार्जर काढतो, वायर गुंडाळतो आणि दोन्ही बॅगेत कोंबतो. उलट करा. आधी चार्जर काढा, पडद्यावर बॅटरीचं चिन्ह बदललेलं बघा, मग झाकण मिटा, आणि दिवा मालवेपर्यंत दहा सेकंद थांबा. चार्जरवर झोपलेलं मशीन स्वतःला घरी समजतं आणि मोकळेपणाने अपडेट वगैरे करत बसतं. नंतर प्लग काढला म्हणून ते हातातलं काम टाकेलच याची खात्री नसते. आणि वर सांगितलेली ऑन बॅटरीची सेटिंगही झाकण मिटताना चार्जर नसेल तरच लागू होते. वायरलेस माऊसचा डोंगलही काढा. बॅगेत माऊस हलतो, लॅपटॉपला वाटतं मालक आला.

"पण मी तर शटडाउन केलं होतं" असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं; विंडोजचा गाभा हायबरनेटसारखा डिस्कवर ठेवलेला असतो. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम बघा, रोज बंद करूनही १२ दिवस दाखवेल. रिस्टार्ट केलं तरच तो शून्यावर येतो. म्हणून "बंद करून चालू करून बघा" असं मी म्हणतो तेव्हा मला रिस्टार्ट म्हणायचं असतं. दुसरी गोष्ट बायोसमध्ये: लॅपटॉप बंद असतानाही एका यूएसबी पोर्टमधून मोबाइल चार्ज होऊ देणारा पर्याय बिझनेस लॅपटॉपमध्ये सर्रास असतो. बॅगेत फोन त्याला जोडून ठेवला असेल तर बॅटरी कुठे गेली हे विचारायलाच नको. तो बंद करा. वेक ऑन लॅनही बंद करा, रात्री दुसऱ्या गावातून कुणी तुमचं मशीन उठवणार नसेल तर.

अगदीच निराळं कारण एकदा निघालं: मशीन रात्रभर चार्जिंगला होतं, पण मोबाइलच्या २० वॅटच्या चार्जरवर. भोक एकच, टाइप-सी, म्हणून लावलं. ऑफिस लॅपटॉपला साधारण ६५ वॅट लागतात.

हे करू नका

नेटवर रजिस्ट्रीमधला (विंडोजच्या आतल्या सेटिंगांची वही) एक बदल फिरतो, मॉडर्न स्टँडबाय बंद करून जुनी एस-थ्री परत आणणारा. बायोसमध्ये एस-थ्री शिल्लक असेल तरच तो चालतो. नसेल तर मॉडर्न स्टँडबायही जातं आणि एस-थ्रीही मिळत नाही. मेनूतून स्लीपच नाहीसं होतं. एका मशीनवर मी हे करून बघितलंय. काही बिझनेस मॉडेलांच्या बायोसमध्ये झोपेचा प्रकार निवडायचा पर्याय असतो. तो असेल तर तिथूनच बदला, हा खुष्कीचा मार्ग नको. पण त्यातही मेख आहे: विंडोज आधीच बसवलेलं असताना प्रकार बदलला तर विंडोज गोंधळू शकतं, म्हणून हे नव्याने विंडोज टाकताना करावं.

बायोस अपडेट करायला हरकत नाही, उलट कराच, झोपेच्या कितीतरी तक्रारी त्यातच मिटतात. पण त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, सस्पेंड करा. नाहीतर पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते ते खातं बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेल्या कुणाचं तरी असतं. की आधी कागदावर उतरवून ऑफिसच्या कपाटात ठेवा. गेल्या तीन वर्षांत एका मशीनचा डेटा मी कायमचा गमावलाय, आणि तो व्हायरसमुळे नव्हे, या ४८ अंकांपायी.

नवा घ्यायचा असेल तर

दुकानात लोक प्रोसेसर आणि रॅम विचारतात. मी आता आधी वरची पहिली आज्ञा चालवून मागतो. डेमो पीस असतोच, दोन मिनिटांचं काम. दुकानदार कुरकुर करतो, करू द्यावी. नव्या मशीनवर एस-थ्री मिळेल अशी अपेक्षा नको. इंटेल इव्होचा स्टिकर असेल तर विचारायचंसुद्धा कारण नाही, क्षणात जागं होणं ही त्या स्टिकरची अटच आहे. मग निदान हायबरनेट वरच्या यादीत आहे आणि झाकणाला लावता येतं, एवढं बघून घ्यायचं.

जुना घेणाऱ्यांसाठी मात्र इथे एक फट आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. एस-थ्री जाते ती बहुतेक अकराव्यापासून. म्हणजे आठवी, नववी, दहावी या पिढ्यांतले लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक हे बिझनेस लॅपटॉप विंडोज ११ ही चालवतात आणि त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत गाढ झोपही शाबूत आहे. बऱ्याच म्हणतोय, सगळ्या नाही. त्या काळातल्या काही पातळ मॉडेलांत आधीच श्वाननिद्रा आली होती. आज्ञा चालवून बघा. गावोगाव फिरणाऱ्या आर्टिकलच्या पोरांना मी हेच सुचवतो, नवी बॅटरी टाकून. पातळ, चकचकीत, महागडं मशीन मॅडमच्या टेबलावर राहू दे, त्याला बॅगेत जायचंच नसतं.

विंडोज प्रो घ्या, होम नको. प्रोमध्ये ग्रुप पॉलिसी (विंडोजच्या खोलवरच्या सेटिंगांची जागा) असते, आणि बॅटरीवर झोपलेल्या मशीनचं नेटवर्क तोडायचा पर्याय तिथे हमखास सापडतो: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, पॉवर मॅनेजमेंट, स्लीप सेटिंग्ज. होममध्ये ते दारच नाही. वॉरंटीचा कागद वाचताना बॅटरीची ओळ वेगळी वाचा. मशीनला तीन वर्षं आणि बॅटरीला एकच, असं बऱ्याचदा असतं. आणि सध्या गाजणारे स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले लॅपटॉप झोपतात गुणी बाळासारखे, पण सहीच्या टोकनचा, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यांना एआरएमसाठी, म्हणजे या जातीच्या प्रोसेसरसाठी, बनवलेलाच लागतो. तो आहे का हे टोकन विकणाऱ्याला विचारा, लॅपटॉप विकणाऱ्याला नको. तो हो म्हणेल.

सगळं झाल्यावर एक रात्र परीक्षा घ्या. १०० टक्के चार्ज, चार्जर काढा, टोकन, डोंगल, पेनड्राइव्ह सगळं काढा, झाकण मिटा, सकाळी उघडा. हायबरनेटवर ९८ च्या वर हवं. साध्या श्वाननिद्रेवर तासाला एक टक्का गेला तर चालवून घ्या, तीन गेले तर स्लीपस्टडी पुन्हा काढा, नवं नाव सापडेल. आणि हायबरनेट करूनही सकाळी ८५ दिसत असेल, बंद असतानाची यूएसबी चार्जिंगही मिटवलेली असेल, तर ते विंडोजचं काम नाही. मदरबोर्ड वीज खातोय. वॉरंटी संपायची तारीख बघा आणि त्याआधी कम्प्लेंट नोंदवा, दोन रात्रींचे बॅटरीरिपोर्ट सोबत जोडून. नुसतं "बॅटरी लवकर उतरते" असं लिहिलं तर ते तुम्हाला बॅटरीच बदलून देतील.